वाचनालयाने आधी कुणाचे पाहावे?

नांदेडच्या श्यामनगर-भाग्यनगर भागात किंवा लातूरच्या उद्योग भवन परिसरात शिकवणीवर्गांच्या फलकांना लागूनच अभ्यासिकांचे फलक दिसतात. वातानुकूलित हॉल, वायफाय, लॉकर, प्रत्येकाला स्वतंत्र टेबल, मुलींची वेगळी सोय आणि खाली चौकशीसाठी मोबाइल नंबर. नीटची तयारी करणारी मुले आणि पोलीस भरती, तलाठी भरती, एमपीएससीच्या जाहिरातीकडे डोळे लावून बसलेले तरुण या खुर्च्या भरून टाकतात. या मागणीचा रेटा आता सार्वजनिक वाचनालयांपर्यंत पोचला आहे. तालुक्याच्या गावी कार्यकारी मंडळाची बैठक असली की विषय निघतोच: जुनी कपाटे हलवा, टेबले टाका, अभ्यासिका सुरू करा.

मागणी खरी आहे. ज्याच्या घरी दोन खोल्यांत सहा माणसे राहतात, त्या मुलाला शांत जागा हवी म्हणजे हवीच. पण वाचनालयाची एकच खोली, एकच कर्मचारी आणि तुटपुंजे अनुदान एकदा अभ्यासिकेत गेले की बाकी कशाला काही उरत नाही. मग हे आपले पहिले काम मानावे का? मला वाटते, याचे उत्तर लातूर शहरात एक आहे आणि जळकोटला दुसरे. ते उत्तर अंदाजाने काढायचे नसते. ते काढण्याची एक रीत आहे आणि ती छोट्यातल्या छोट्या वाचनालयालाही परवडते.

आधी आपली व्यवस्था पाहू. महाराष्ट्रातली बहुतेक सार्वजनिक वाचनालये सरकारी नाहीत. गावातल्या काही जणांनी संस्था नोंदवायची, जागा मिळवायची, पुस्तके जमवायची आणि मग ग्रंथालय संचालनालयाकडे मान्यता मागायची, असा हा मार्ग. १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आणि पाठोपाठ १९७० मध्ये आलेले अनुदानाचे नियम यांनी तो पक्का केला. मान्यता मिळाली की वाचनालय अ, ब, क, ड यांपैकी एका वर्गात बसते आणि त्या वर्गाप्रमाणे अनुदान मिळते. राज्यात अशी अकरा हजारांहून अधिक वाचनालये आहेत.

वर्ग कशावरून ठरतो? ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, किती वृत्तपत्रे आणि नियतकालिके येतात, दिवसाला किती तास दार उघडे असते, कर्मचारी किती. हे सगळे मोजता येते आणि तपासणीला दाखवता येते, म्हणून वाचनालयही त्याच मापाने स्वतःकडे बघू लागते. दाखल नोंदवहीत आकडा वाढला पाहिजे, मग पुस्तक कोणतेही असो. अनुदान हप्त्यांनी येते आणि शेवटच्या हप्त्याचा हिशेब मार्चअखेर लावायचा असतो, त्यामुळे वर्षभराची खरेदी अनेक ठिकाणी एका आठवड्यात उरकली जाते. भरघोस सवलतीत मिळणारे संच येतात, त्यांवर दाखल क्रमांक पडतात आणि ते कपाटात जातात. या मापात गावातल्या किती मुलींनी यंदा पहिल्यांदा पुस्तक घरी नेले, याला जागा नाही. आपण कुणासाठी काम करायचे, हे वाचनालयाने न ठरवता तपासणीच्या नमुन्यावर सोडले, असा याचा अर्थ होतो.

यात कार्यकर्त्यांना दोष देऊन भागत नाही. २०२२ मध्ये राज्य सरकारने अनुदानात ६० टक्के वाढ जाहीर केली, त्याआधी ड वर्गाच्या वाचनालयाला वर्षाला ३० हजार रुपये मिळत. त्यातला निम्मा भाग पगाराचा धरला तर ग्रंथपालाच्या हाती महिन्याला साडेबाराशे रुपये पडत. एवढ्यात माणूस दार उघडतो, झाडून घेतो, पेपर मांडतो, नोंदी ठेवतो, हेच पुष्कळ. दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. २०११ मध्ये शाळांमधल्या बोगस पटाचा प्रश्न नांदेड जिल्ह्यातून वर आला आणि राज्यभर पटपडताळणी झाली. पाठोपाठ २०१२ मध्ये वाचनालयांचीही पडताळणी झाली, तेव्हा केवळ कागदावर चालणारी वाचनालये उघडी पडली. तेव्हापासून प्रामाणिक वाचनालयांकडेही संशयाने पाहिले जाते. त्यावर उपाय एकच, आपण नेमके कुणाच्या उपयोगी पडतो हे गावाला दिसेल असे काम करणे.

सेवांचा अग्रक्रम ठरवण्याचा प्रश्न जगात सगळ्याच सार्वजनिक ग्रंथालयांना पडला आहे. अमेरिकेतल्या पब्लिक लायब्ररी असोसिएशनने १९८७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयाच्या आठ भूमिका सांगितल्या. १९९८ मध्ये त्यांच्या तेरा सेवा झाल्या आणि २००७ मध्ये अठरा. शाळेत जाण्याआधीच्या मुलांची वाचनाची तयारी, गृहपाठाला मदत, नोकरी-व्यवसायाची माहिती, स्थानिक इतिहास, नव्याने आलेल्या लोकांचे स्वागत, निवांत बसायला जागा अशी ती यादी आहे. ती आपण जशीच्या तशी उचलण्याचे कारण नाही. उचलण्यासारखी आहे ती तिच्यामागची शिस्त. गावातल्या वेगवेगळ्या थरांतली माणसे एकत्र बसवायची. त्यांच्याशी आधी पुस्तकांविषयी बोलायचेच नाही, गावाविषयी बोलायचे: इथे काय अडते, कुणाचे अडते, पाच वर्षांनी गाव कसे असावे. मग यादीतल्या मोजक्या सेवा निवडायच्या. पैसा, वेळ आणि माणूस आधी त्या सेवांकडे वळवायचा आणि बाकीच्या सेवांना उरलेल्यात भागवायला सांगायचे. अठराच्या अठरा सेवा द्यायला निघालेले ग्रंथालय एकही धड देत नाही, हे त्यांना अनुभवाने कळले होते.

आपल्याकडे एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पुस्तके वापरासाठी आहेत आणि प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे, हा त्यांचा गाभा. त्याच वर्षी तमिळनाडूतल्या मन्नारगुडीला बैलगाडीवरचे फिरते ग्रंथालय सुरू झाले. वाचक दारापर्यंत येत नसेल तर पुस्तकाने निघावे, हे नव्वद वर्षांपूर्वी करून दाखवलेले काम आहे.

निवड करताना मी तीन प्रश्न धरीन. गरज किती खोल आहे? ती गावात दुसरे कुणी भागवते का? आणि आपल्या हातून ती भागेल का? यातला दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि आपल्याकडे तोच विचारला जात नाही. लातूर शहरात अभ्यासिका जागोजागी आहेत. तिथल्या सार्वजनिक वाचनालयाने आणखी चाळीस खुर्च्या टाकल्या तर शहरात आधीच मिळणाऱ्या गोष्टीत थोडी भर पडेल, इतकेच. याउलट जळकोट किंवा मुखेडच्या गावात पोलीस भरतीची तयारी करणारी मुलगी शहरात खोली घेऊन राहू शकत नाही, शुल्क भरू शकत नाही आणि घरी कामातून सुटत नाही. तिला बसायला जागा देणारे दुसरे कुणीच नाही. तिथे अभ्यासिका हेच वाचनालयाचे पहिले काम ठरू शकते. मात्र तीत मुलींच्या बसण्याच्या वेळा आणि जागा आधी ठरल्या पाहिजेत. मुलांनी खोली भरून टाकल्यावर मुली येत नाहीत, हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही.

आता गरज कळायची कशी? सुरुवात वाचनालयातच पडून असलेल्या एका वहीपासून करता येते. देवघेवीची नोंदवही घ्या आणि मागचे तीन महिने चाळा. सभासद क्रमांक, दाखल क्रमांक, नेल्याची तारीख, परत केल्याची तारीख, एवढेच तिच्यात असते. सभासदांच्या यादीशी ती ताडून पाहा आणि एका मोठ्या कागदावर गावाचा ढोबळ नकाशा काढा: जुने गावठाण, पेठ, मोहल्ला, भीमनगर, तांडा, शेतवस्त्या, नवी कॉलनी. पुस्तक जिथे गेले तिथे पेनाने एक ठिपका द्या. बाईने नेले असेल तर शाई वेगळी, मुलाने नेले असेल तर आणखी वेगळी. तासाभरात चित्र डोळ्यांसमोर येते. ठिपक्यांचे पुंजके दोन-तीन आळ्यांतच दाटले आहेत का? एकच शाई सगळीकडे आहे का? मग पुस्तकाच्या मागची तारखांची चिठ्ठी पाहा. कोणत्या कपाटातल्या चिठ्ठ्या भरल्या आहेत आणि कोणत्या कोऱ्या, हे मार्चच्या खरेदीआधी प्रत्येक ग्रंथपालाने बघितले पाहिजे.

जिथे ठिपका नाही तिथे जाऊन बोलायचे. तिथे गेल्यावर तुम्हाला कोणती पुस्तके हवीत, असे विचारू नये. समोरचा माणूस भिडस्तपणे सांगतो, काहीही चालेल. त्याऐवजी विचारावे, गेल्या दोन महिन्यांत कुठल्या कागदासाठी, कुठल्या माहितीसाठी तुम्हाला खेटे घालावे लागले? मग बांध फुटल्यासारखे लोक बोलतात. जातीचा दाखला, मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेत अडकलेले केवायसी, पीकविमा. अतिवृष्टीने सोयाबीन पाण्यात गेले की प्रधानमंत्री पीक विमा योजनेत २०२४ च्या खरिपापर्यंत नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागे, नंतर राज्यात हे नियम बदलले. नांदेड-लातूरच्या सोयाबीनवर जगणाऱ्या गावात विम्याचे चालू नियम काय आणि त्यासाठी काय करायचे, हे पावसाळ्याच्या तोंडी वाचनालयाच्या फळ्यावर ठळक लिहिलेले असणे ही मोठी ग्रंथालयसेवा आहे. तिला खर्च खडूचा येतो.

बायकांच्या बाबतीत बहुतेक वाचनालयांचे दुखणे वेळेचे आहे. दार सकाळी उघडते आणि संध्याकाळी उघडते. नेमक्या त्याच वेळी घरात चूल, पाणी, डबे, शाळेतून आलेली मुले. बाईला सवड मिळते ती दुपारी, आणि दुपारी कुलूप असते. उघडे राहण्याचे तास तेवढेच ठेवून आठवड्यातले दोन दिवस दुपारी दार उघडले तर अनुदानाला धक्का लागत नाही आणि खर्च वाढत नाही. तेही जमत नसेल तर बचत गटाची बैठक गावात होतेच. वीस-पंचवीस पुस्तकांची पिशवी त्या बैठकीला न्यावी, तिथेच देवघेव करावी. आरोग्य, कायदा, शेळीपालन, कादंबऱ्या, देवाधर्माची पुस्तके, सगळे मिसळून. कोणते उचलले जाते ते पाहिल्यावर पुढची खरेदी आपोआप ठरेल.

माझ्या मते या दोन जिल्ह्यांत सर्वांत खोल गरज मुलांची आहे आणि त्यातही ऊसतोड कामगारांच्या मुलांची. मुखेड, कंधार, लोहा, तिकडे जळकोट, अहमदपूर, रेणापूर या भागांतून दिवाळीच्या सुमारास कोयते निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. काही मुले आई-बापांबरोबर फडावर जातात, काही गावातल्या हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांजवळ राहतात. शाळा आहे, पण घरात छापलेला कागद म्हणून फक्त पाठ्यपुस्तक. अशा मुलाच्या हाती चित्रांचे, गोष्टीचे पुस्तक देणारे गावात वाचनालयाखेरीज कोण आहे? आणि आपल्या किती वाचनालयांत दहा वर्षांच्या मुलाला आत बसून कपाटाला हात लावता येतो? अनामत रक्कम, वर्गणी, मोठ्या माणसाची सही, पुस्तक फाटले तर दंड, हे सगळे त्याच्या वाटेत उभे असते. मुलांसाठी अनामत माफ करावी. चार-दोन पुस्तके फाटतील, ती हाताळली गेली म्हणून फाटतील. हंगामी वसतिगृहात महिन्याला एक पेटी बदलून द्यावी. हंगाम संपून परतलेल्या मुलांसाठी उन्हाळाभर वाचनालय सकाळी उघडावे, कारण तेव्हा शाळा बंद असते आणि मूल गावात असते.

शेजारी पाहायचे तर उदगीरहून बीदर जिल्हा अगदी जवळ आहे. कर्नाटकाने २०२० पासून ग्रामपंचायतींच्या ग्रंथालयांची ‘अरिवु केंद्रे’ करायला घेतली आणि ‘ओदुव बेळकु’ या मोहिमेत गावोगावच्या शाळकरी मुलांना मोफत सभासद करून घेतले. सगळ्यांसाठी सगळे, असे त्यांनी म्हटले नाही. मूल हा पहिला वाचक, असे ठरवले आणि रंगरंगोटीपासून पुस्तकांपर्यंत सगळे त्या निर्णयामागे चालले. पैशाची बाजूही बोलली पाहिजे. कर्नाटकात आणि देगलूर-धर्माबादच्या पलीकडे तेलंगणात मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय कर गोळा होतो. महाराष्ट्राच्या कायद्यात असा कर नाही. मराठवाडा हैदराबाद राज्यात असताना, १९५५ मध्ये, त्या राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला होता, आणि त्याच्याही आधी १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानाने देशातला असा पहिला कायदा केला. ज्या भूमीत हे दोन कायदे लागू होते तिथली वाचनालये आज अनुदानाच्या हप्त्याकडे डोळे लावून बसतात, हे खटकले पाहिजे.

सीमेवरून आणखी एक प्रश्न येतो, भाषेचा. देगलूर, बिलोली, धर्माबादमध्ये घरी तेलुगू बोलणारी कुटुंबे आहेत. किनवट-माहूरकडे गोंडी आणि कोलामी, तांड्यांवर गोरमाटी, निलंगा-देवणीकडे कन्नड, नांदेड, कंधार, उदगीर, औसा येथे पिढ्यान्‌पिढ्या उर्दू, आणि नांदेडच्या गुरुद्वाऱ्याभोवती पंजाबी. वाचनालयात मात्र मराठी दैनिकेच ओळीने मांडलेली, आणि त्यातल्या पहिल्या पानांवरच्या बातम्या बहुधा सारख्याच. वर्गाच्या निकषात वृत्तपत्रांची संख्या मोजली जाते. तेव्हा एक मराठी दैनिक कमी करून नांदेडमध्येच निघणारे उर्दू दैनिक किंवा देगलूरला एखादे तेलुगू दैनिक घेतले तर संख्या तीच राहते आणि आजवर दाराशी न आलेला माणूस टेबलाशी येऊन बसतो. गोंडी-कोलामीत छापील साहित्य फार थोडे आहे. तिथे वाचनालयाने वडीलधाऱ्यांना बोलावून गोष्टी सांगायला लावाव्यात, मुलांनी त्या देवनागरीत उतरवाव्यात. एक वही भरली तरी ती त्या वाचनालयाची सर्वांत मोलाची वही असेल.

त्यातूनच एक काम निघते, जे वाचनालयाने केले नाही तर कुणीही करणार नाही. गावाची आठवण जपणे. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले. त्याच वर्षी ३० जानेवारीला स्वातंत्र्यसैनिकांनी नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला. त्या पिढीतली माणसे आता जवळपास संपली. त्यांची पत्रे, तुरुंगातल्या टिपणवह्या, निजामी काळातली उर्दू आणि मोडी कागदपत्रे घरांच्या माळ्यांवर आहेत आणि घर पाडले की रद्दीत जातात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. तो आठवणारी माणसे अजून चाळिशी-पन्नाशीपुढची आहेत, बोलती आहेत. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, ते महिने कसे काढले हे आजच्या शाळकरी मुलांना ठाऊक नाही. मोबाइलवर आवाज मुद्रित करणे, कागदांची छायाचित्रे काढणे आणि कोणाकडून काय मिळाले याची नीट नोंद ठेवणे, एवढे काम कोणतेही क वर्गाचे वाचनालय करू शकते. अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलांना आठवड्यातला एक तास यासाठी मागावा, ते आनंदाने देतात.

इतके वाचून कुणी म्हणेल, मग हे सगळेच करायचे का? नाही. हेच कठीण आहे. लातूर शहरातल्या वाचनालयाने मुले आणि शहराची आठवण ही दोन कामे घ्यावीत, अभ्यासिकेचा हट्ट सोडावा. मुखेडच्या वाचनालयाने ऊसतोडीच्या घरची मुले आणि भरतीची तयारी करणाऱ्या मुली निवडाव्यात. देगलूरने भाषा आणि बायका. किनवटने मुले आणि बोली. निवड चुकू शकते. एका वर्षाने नकाशावरचे ठिपके पुन्हा द्यावेत आणि बदलावी. पण निवडलेल्या कामाला पुस्तकखरेदीचा मोठा वाटा, दाराजवळची चांगली जागा आणि ग्रंथपालाचे ताजेतवाने तास मिळाले पाहिजेत. न निवडलेल्या कामासाठी येणाऱ्यांना हे नीट समजावून सांगावे लागते, काही जण नाराजही होतील. कार्यकारी मंडळातल्या ज्येष्ठांनी ती नाराजी अंगावर घ्यावी, एकट्या ग्रंथपालावर ढकलू नये.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हिशेब आणि निवडणूक यांच्यानंतर एक विषय वाढवा: पुढच्या वर्षी आपले वाचनालय प्रामुख्याने कुणासाठी काम करील. सभेला तांड्यावरचे दोघे, बचत गटाच्या दोघी, शाळेतले एक शिक्षक आणि अभ्यासिकेतली एक मुलगी यांना मुद्दाम बोलवा आणि आधी त्यांना बोलू द्या. दोन कामांवर एकमत झाले की ठराव लिहा आणि ती दोन कामे वाचनालयाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावा.